हवापालटाच्या वाटा : गोव्यात राहणारे परदेशी रहिवासी व त्यांच्या ऋतुपरत्वे सहली

गोव्यात येणाऱ्या परदेशी पाहुण्यांचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर सहसा पंधरा दिवसांसाठी विमानाने येणारा, किनाऱ्यावर ऊन खात पडणारा आणि सुटी संपताच परतणारा प्रवासीच येतो. युरोपातून दाबोळीला चार्टर विमाने येऊ लागल्यापासून हे चित्र आपल्या मनात पक्के झाले आहे, आणि आपल्या व्यवसायाची बरीचशी रचनाही त्याच्या सोयीने झालेली आहे. परंतु याखेरीज परदेशीयांचा आणखी एक वर्ग येथे आहे. तो पेडणे, बार्देश अथवा काणकोणातील एखाद्या वाड्यावर घर भाड्याने घेऊन राहतो. तो बाजाराच्या दिवशी भाजी आणतो, पाववाल्याची वाट पाहतो, विहिरीचे पाणी कधी खाली जाते हे त्याला ठाऊक असते. कोणी सेवानिवृत्त आहेत, कोणी नोकरीनिमित्त आले आहेत, कोणी योगशिक्षण वा संगीत शिकतात, तर कोणाचे काम संगणकावर चालत असल्याने त्यांना कोठेही राहिले तरी चालते. आमच्या खेड्यांतील वृद्ध मंडळी गोऱ्या माणसाला अजून सरसकट ‘पाखलो’ म्हणतात. पण हा पाखलो आता शेजारी झाला आहे.

या शेजाऱ्याला समुद्राचे अप्रूप उरलेले नसते, कारण तो त्याला रोज दिसतो. त्याला हवा असतो तो हवापालट. दोन अथवा तीन रात्री कोठेतरी जावे, वेगळी हवा घ्यावी, वेगळे अन्न खावे आणि पुन्हा आपल्या बिऱ्हाडी परत यावे, एवढीच त्याची अपेक्षा असते. अशी सहल तो वर्षातून एकदा नव्हे, पाच-सहा वेळा करतो, आणि त्यासाठी घरमालकाला, टॅक्सीचालकाला, कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारतो. आपले उत्तर पुष्कळदा अर्धवट असते. कोठे जावे हे आपण सांगतो, पण केव्हा जावे आणि केव्हा जाऊ नये हे सांगत नाही. ही उणीव काही अंशी दूर व्हावी, या हेतूने प्रस्तुत लेखात थोडी माहिती दिली आहे.

जुनी रीत

परक्या देशात राहणाऱ्या माणसाने ऋतूप्रमाणे जागा बदलण्याची रीत आपल्या भागात नवी नाही. इंग्रजांच्या अमदानीत मुंबई इलाख्याचा राज्यकारभारच ऋतूबरोबर फिरत असे. उन्हाळ्यात महाबळेश्वर, पावसाळ्यात पुणे आणि हिवाळ्यात मुंबई, असा गव्हर्नरांचा वार्षिक फेरा ठरलेला होता. महाबळेश्वरचे ठाणे १८२८ च्या सुमारास सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत वसविण्यात आले, ते प्रथमतः आजारी गोऱ्या अधिकाऱ्यांना प्रकृती सुधारण्यासाठी जागा असावी म्हणून. त्या काळी हिंदुस्थानात आलेल्या तरुण युरोपियनांपैकी कित्येक काही वर्षांतच ज्वराने वा पटकीने दगावत, त्यामुळे थंड हवेचे ठिकाण ही त्यांच्या दृष्टीने चैन नसून औषध होते. गोव्यातील पोर्तुगीजांचा अनुभवही निराळा नव्हता. साथीच्या रोगांनी जुने गोवे ओसाड पडत गेले, व्हाइसरॉयने आपला मुक्काम प्रथम पणेली येथे व १७५९ साली पणजीस हलविला. एका अर्थी पणजी ही राजधानीच हवापालटातून जन्मास आली, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

गोवा हे स्वतःही अशा प्रवासातील एक टप्पा झालेले आहे. रिचर्ड बर्टन हा पुढे जगप्रवासी म्हणून नावारूपाला आलेला इंग्रज अधिकारी १८४७ साली आजारपणाच्या रजेवर असताना मुंबईहून गलबताने गोव्यास आला आणि येथून निलगिरीच्या थंड डोंगरांकडे गेला. त्या सहलीवर त्याने लिहिलेले पुस्तक १८५१ साली प्रसिद्ध झाले. त्याची मते आजच्या वाचकाला, विशेषतः गोमंतकीय वाचकाला, अनेक ठिकाणी खटकतील. परंतु परदेशी रहिवाशाने रजेत केलेल्या छोट्या प्रवासाचे ते एक जुने उदाहरण होय.

आपल्या सीमेलगतचे आंबोली हे गाव तर याच गरजेतून पुढे आले. वेंगुर्ले बंदरात उतरलेला माल व माणसे बेळगावच्या छावणीपर्यंत नेण्यासाठी इंग्रजांनी घाटातून रस्ता काढला. त्या रस्त्यावरचा एक मुक्काम म्हणजे आंबोली. समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवरील या गावात छावणीतील अधिकारी उन्हाळ्यात राहू लागले. आज गोव्यातील परदेशी रहिवासी जेव्हा आंबोलीची वाट धरतो, तेव्हा तो नकळत त्याच जुन्या रस्त्याने जात असतो.

ऋतू पाहून दिशा

येथे एक गोष्ट प्रथमच सांगितली पाहिजे. गोव्याच्या आसपासचे प्रत्येक ठिकाण वर्षातील ठरावीक महिन्यांतच चांगले असते, आणि उरलेल्या महिन्यांत ते गैरसोयीचे, प्रसंगी धोक्याचेही असते. परदेशी माणसाच्या देशात चार ऋतूंचा हिशेब वेगळा. ‘समर’ म्हटले की त्याच्या मनात जून-जुलै येतात. आपला उन्हाळा मार्च ते मे असतो आणि जूनमध्ये समुद्र खवळतो, हे पहिल्या वर्षी त्याला अनुभवानेच कळते. तो अनुभव त्याला महागात पडू नये, हे पाहणे आपल्या हाती आहे.

पावसाळा सरता सरता, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात, सह्याद्रीचा पायथा उत्तम असतो. ओढ्यांना पाणी असते, झाडी हिरवी असते आणि वाटा वाळू लागलेल्या असतात. दूधसागर धबधब्याकडे कुळ्याहून जाणाऱ्या जीपगाड्या साधारणतः याच वेळी पुन्हा सुरू होतात. सुमारे ३१० मीटर उंचीवरून टप्प्याटप्प्याने कोसळणारा हा धबधबा पाहण्यासाठी परदेशी मंडळी विशेष उत्सुक असतात. परंतु ज्यांना गर्दी नको असेल त्यांना तांबडी सुर्ल्याचे महादेवमंदिर सुचवावे. कदंबकालीन, काळ्या दगडात बांधलेले हे छोटेखानी देऊळ अनमोड घाटाच्या पायथ्याशी भगवान महावीर अभयारण्यात उभे आहे. आडवाटेला असल्यामुळेच ते आजवर टिकले, असे म्हणतात. भल्या सकाळी तेथे जावे, सभामंडपाच्या कोरीव छताखाली थोडा वेळ बसावे. यापेक्षा अधिक काही करण्याची त्या ठिकाणी गरज नाही.

डिसेंबर ते फेब्रुवारी हा किनाऱ्यावरील गर्दीचा हंगाम. नेमक्या याच दिवसांत येथील परदेशी रहिवासी गर्दीला कंटाळून बाहेर पडतो, ही गंमतच म्हणावयाची. नाताळ ते नववर्ष या आठवड्यात घरासमोरचा रस्ता वाहनांनी भरून गेल्यावर तो विचारतो, जावे कोठे? या प्रश्नाचे सर्वांत चांगले उत्तर घाटापलीकडे, पूर्वेस आहे, आणि त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक वाटते.

हंपीची वाट

गोव्यात राहणाऱ्या परदेशीयाने हंपीला जाणे ही परंपरा पाचशे वर्षांची आहे, असे सांगितले तर कित्येकांना आश्चर्य वाटेल. सोळाव्या शतकात अरबस्तान व इराणचे घोडे गोव्याच्या बंदरात उतरत आणि त्यांचा मोठा ग्राहक विजयनगरचा राजा असे. या व्यापाराच्या निमित्ताने पोर्तुगीज माणसे घाट ओलांडून राजधानीस जात. त्यांपैकी दुमिंगु पाइश हा १५२० च्या सुमारास, कृष्णदेवरायाच्या कारकिर्दीत, तेथे होता. फर्नांव नूनिश हा घोड्यांचा व्यापारी त्यानंतर सुमारे पंधरा वर्षांनी तेथे राहिला. पाइशने नगराचा विस्तार रोमइतका असल्याचे नमूद केले, बाजारातील धान्य, फळे व रत्ने यांची नोंद केली आणि महानवमीचा उत्सव डोळ्यांनी पाहून लिहिला. दोघांचीही वृत्ते रॉबर्ट स्यूएल यांनी १९०० साली इंग्रजीत आणली. हंपीस जाणाऱ्या पोर्तुगीज वा इंग्रज पाहुण्याला एवढे जरी सांगितले, तरी महानवमी दिब्बा हा त्याला केवळ दगडी चौथरा वाटणार नाही.

पणजीहून हंपी सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. रस्त्याने जाण्यास जवळजवळ पूर्ण दिवस लागतो. आगगाडीने जावयाचे तर वास्कोहून सुटणारी अमरावती एक्सप्रेस होसपेटे स्थानकावर थांबते, आणि तेथून हंपी थोड्याच अंतरावर आहे. आगगाडीचा आमचा आग्रह आहे, तो केवळ खर्चासाठी नव्हे. कुळे ते कॅसलरॉक हा घाट एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात फोडण्यात आला. दर ३७ फुटांना एक फूट असा त्याचा चढ असून तो दिवसाउजेडी खिडकीतून पाहण्याजोगा आहे. याच घाटात गाडी दूधसागराच्या तोंडासमोरून जाते.

हंपीस १९८६ साली जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. तेथे परदेशी पाहुण्यास केंद्रीय पुरातत्त्व खात्याचे तिकीट भारतीयांपेक्षा बरेच अधिक पडते. याविषयी वाद घालणारे पाहुणे आढळतात. दर खात्याने ठरविलेले असून तिकीटविक्रेत्याच्या हाती काही नाही, हे निघण्यापूर्वीच सांगितलेले बरे. दुसरे असे की, तुंगभद्रेच्या उत्तर तीरावरील विरूपापूर गड्डी येथे पूर्वी परदेशी तरुणांची मोठी वसती असे व जुन्या मार्गदर्शक पुस्तकांत त्या जागेची भरपूर स्तुती आहे. परंतु सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर २०२० साली तेथील अनधिकृत बांधकामे पाडण्यात आली. जुनी पुस्तके घेऊन जाणाऱ्यांना हे ठाऊक नसते. त्या परिसरात रात्री नदीकाठी अथवा कालव्याकाठी जाऊन बसणे टाळावे. मार्च २०२५ मध्ये सणापूरजवळ रात्रीच्या वेळी पर्यटकांवर प्राणघातक हल्ला झाला होता, व हल्ला झालेल्यांत परदेशी स्त्रीही होती. नदीत पोहणे तर कोणत्याही वेळी टाळलेलेच उत्तम. वरून शांत दिसणाऱ्या पाण्याखाली मोठमोठे धोंडे व भोवरे आहेत.

ज्यांना दगडावर कोरलेला इतिहास अधिक पाहावयाचा आहे त्यांनी परतताना बदामी, पट्टदकल व ऐहोळे येथे एक रात्र काढावी. बदामीच्या तिसऱ्या लेण्यात इ. स. ५७८ चा कोरीव लेख आहे. मार्चनंतर मात्र या सर्व भागात ऊन असह्य होते. थंड देशातून आलेल्या वृद्ध माणसाला एप्रिलात हंपीस पाठविणे म्हणजे त्याची कसोटी पाहणेच होय.

उन्हाळा व दक्षिणेची किनारपट्टी

मार्च ते मे या काळात दोन वाटा उरतात, घाटमाथा आणि दक्षिणेचा किनारा. कोकण रेल्वेचा मार्ग १९९८ साली पूर्ण झाल्यापासून मडगाव वा काणकोणहून कारवार व गोकर्ण येथे जाणे सोपे झाले आहे. गोकर्ण हे प्रथम तीर्थक्षेत्र आहे आणि नंतर किनारा, ही गोष्ट पाहुण्यांच्या ध्यानात आणून द्यावी. पोहण्याच्या कपड्यांत रथबीदीवरून हिंडणाऱ्यांमुळे तेथील लोकांची मने दुखावतात, आणि त्यांचे म्हणणे रास्तच आहे. कारवारजवळ नौदलाचा तळ असल्याने त्या बाजूस छायाचित्रे घेऊ नयेत. याच काळात गोव्यातही मोरजी, मांद्रे, आगोंद व गालजीबाग येथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिले समुद्राकडे जाताना दिसू शकतात. त्यासाठी कोठेही लांब जाण्याची गरज नाही. फक्त विजेरी व कॅमेऱ्याचा प्रकाश त्यांच्यावर टाकू नये, आणि वनखात्याचा पहारेकरी सांगेल तेवढे अंतर राखावे.

उत्तरेस सावंतवाडी व मालवण आहेत. सावंतवाडीची लाकडी खेळणी व हाताने रंगविलेले गंजिफाचे पत्ते ही परदेशी माणसाला सर्वांत आवडणारी भेटवस्तू ठरते, असा अनुभव आहे. मालवणच्या समुद्रातील सिंधुदुर्ग किल्ल्याचे बांधकाम शिवाजी महाराजांनी १६६४ साली आरंभिले. तेथे जाणाऱ्या होड्या पावसाळ्यात बंद असतात, म्हणून मे महिना संपण्यापूर्वीच जावे.

रानात जाणाऱ्यांसाठी या मोसमात एक सूचना आवश्यक आहे. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर रानात प्रथम ओळखला गेलेला माकडताप हा गोचिडींमुळे पसरणारा रोग २०१५ पासून सत्तरी तालुक्यात व पुढे शेजारच्या दोडामार्ग भागातही आढळला. त्याचा जोर साधारणतः डिसेंबर ते मे या कोरड्या महिन्यांत, म्हणजे नेमका काजूच्या हंगामात असतो. काजूच्या बागा पाहण्यास व हुर्राक चाखण्यास जाणारे परदेशी पाहुणे अर्ध्या विजारीत पालापाचोळ्यात बसतात. त्यांना अंगभर कपडे घालण्यास, परत आल्यावर अंग तपासून गरम पाण्याने आंघोळ करण्यास सांगावे. मेलेले माकड दिसले तर त्याच्या जवळ न जाता आरोग्य वा वनखात्यास कळवावे. सहलीनंतर आठवडाभरात जोराचा ताप आला, तर डॉक्टरांना रानात गेल्याचे आवर्जून सांगावे, कारण पाहुणा ते स्वतः होऊन सांगत नाही.

पावसाळा

जून उजाडला की किनारे ओस पडतात. शॅक उतरविलेले असतात, यांत्रिक मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, घराघरांत पुरुमेंताचे डबे भरलेले असतात. पर्यटक निघून जातात, पण रहिवासी मागे राहतो. चार महिने घरात कोंडून राहिल्यासारखे वाटल्याने सहलीची खरी ओढ त्याला याच दिवसांत लागते. व्यवसायाच्या दृष्टीनेही हेच महिने महत्त्वाचे आहेत. ऐन हंगामात जे कुटुंब आपल्या घरातील दोन खोल्या भाड्याने देते, त्याला पावसाळ्यात एखादा पाहुणा मिळाला तरी घरखर्चास हातभार लागतो. सत्तरी, सांगे, धारबांदोडा या आतल्या तालुक्यांना तर पावसाळा हाच हंगाम ठरू शकेल.

आंबोलीचा पाऊस वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात जातो. पणजीचा त्याच्या निम्म्याहूनही कमी असतो. शनिवार-रविवारी तेथे धबधब्यापाशी जी गर्दी व जो गोंगाट असतो, तो पाहून परदेशी पाहुणा हिरमुसून परत येतो. त्याला सोमवार ते गुरुवार या दिवसांत पाठवावे. आंबोलीचे खरे वैभव रात्री, कंदील घेऊन जाणकार स्थानिक माणसाबरोबर फिरताना दिसते. झाडावरून तरंगत उतरणारे हिरवे बेडूक, कातळावर आढळणारा व जगात अन्यत्र क्वचितच दिसणारा आंबोलीचा भेक, वेलींवर निश्चल बसलेला चापडा साप, हे सारे पाहण्यासाठी जगभरातून अभ्यासक येतात. येथील हिरण्यकेशीच्या उगमकुंडात माशाची एक नवी जात सापडल्याचे २०२० साली प्रसिद्ध झाले आणि २०२१ मध्ये त्या जागेला जैवविविधता वारसास्थळ घोषित करण्यात आले. तेथे पाण्यात उतरून साबण लावणारे पाहुणे, मग ते देशी असोत वा परदेशी, आढळल्यास त्यांना स्पष्ट शब्दांत थांबवावे. कावळेसादच्या कड्यावर कठड्याबाहेर जाऊ नये. धुक्यात कडा कोठे संपतो ते दिसत नाही, आणि तेथे माणसे दरीत कोसळून मृत्यू पावल्याच्या घटना घडलेल्या आहेत.

धबधब्यांविषयी मात्र खात्याची भूमिका कडक आहे व ती तशीच असावी. जुलै २०२३ मध्ये नेत्रावळी अभयारण्यातील मैनापी धबधब्यात दोघे जण बुडाले. त्यानंतर वनखात्याने अभयारण्यांतील धबधब्यांवर प्रवेश बंद केला. त्याच महिन्यात दूधसागराकडे रेल्वेरुळांवरून चालत निघालेल्या शेकडो लोकांना रेल्वे पोलिसांनी अडविले. रुळावरून चालणे हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. ‘पूर्वी आम्ही असेच गेलो होतो’ असे अनेक परदेशी रहिवासी सांगतात, आणि ते खोटे बोलत नसतात. परंतु वरच्या डोंगरात ढगफुटीसारखा पाऊस झाला की खाली ऊन असतानाही ओढ्याला मिनिटा-दोन मिनिटांत लोंढा येतो, हे सत्तरीतला गुराखी जाणतो, पाहुणा जाणत नाही. बंदी कोणत्या जागी व केव्हापर्यंत आहे हे दरवर्षी बदलू शकते. सबब पाहुण्याला पाठविण्यापूर्वी जवळच्या वनक्षेत्रपालाच्या कार्यालयात विचारावे. समुद्राविषयीही हेच सांगणे आहे. किनाऱ्यांवर २००८ पासून जीवरक्षक नेमलेले आहेत आणि पावसाळ्यात ते लाल बावटे लावतात. युरोपातील थंड समुद्रात पोहणारा माणूस आपल्या ताकदीवर विसंबून त्या बावट्यांकडे दुर्लक्ष करतो. अशांपैकी काहींचे देह दुसऱ्या किनाऱ्यावर सापडले आहेत.

याउलट पावसाळ्यात घराजवळच पाहण्याजोगे पुष्कळ आहे, आणि ते आपण पुरेसे सांगत नाही, अशी आमची तक्रार आहे. २४ जूनला सांजांवचे विहिरीत उड्या घेणारे तरुण, आषाढी एकादशीनंतर माशेलच्या देवळासमोरील मैदानातील चिखलकाला, ऑगस्टमध्ये दिवाडी बेटावरील बोंदेरा, आणि मग चवथ. दिवाडी वा चोडणला फेरीबोटीने जाणे ही देखील त्यांच्या दृष्टीने एक सहलच असते. घरच्या चवथीला शेजारच्या परदेशी कुटुंबाला जेवायला बोलावणारी घरे गोव्यात अनेक आहेत. अशा पाहुण्यांना पुढे पावसाळ्यात गोवा सोडून जावेसे वाटत नाही, हा आमचा अनुभव आहे.

बेळगावचाही उल्लेख येथे केला पाहिजे. चोर्ला घाटाने सव्वाशे किलोमीटरच्या आत हे शहर आहे, गोव्याची बरीचशी भाजी तेथूनच येते, आणि पावसाळ्यातील एका रात्रीच्या मुक्कामास ते सोयीचे आहे. किल्ल्यातील तेराव्या शतकाच्या आरंभीची कमलबस्ती, छावणीतील जुने बंगले व सरळ रस्ते, आणि कुंदा, एवढ्यावर पाहुणा खूश होतो. घाटात मात्र दरडी पडतात व दाट धुके असते. २०२५ च्या जुलैमध्ये अनमोड घाटात रस्ता खचल्याने अवजड वाहतूक बंद ठेवावी लागली होती. अंधार पडल्यावर घाटात शिरू नये, हा जुन्या चालकांचा नियम आजही योग्य आहे.

कागदपत्रे

आता थोडा रुक्ष पण महत्त्वाचा भाग. परदेशी पारपत्र असलेला माणूस कोणाच्याही घरी वा लॉजमध्ये उतरला की त्याच्या आगमनाची माहिती यजमानाने २४ तासांच्या आत सरकारी संकेतस्थळावर भरावी लागते. या नोंदीस व्यवहारात सर्वजण ‘सी फॉर्म’ म्हणतात. १९४६ चा परदेशी नागरिक कायदा व इतर जुने कायदे जाऊन १ सप्टेंबर २०२५ पासून आप्रवास व परदेशी नागरिक अधिनियम, २०२५ हा एकच कायदा अमलात आला आहे, परंतु यजमानाची ही जबाबदारी कायम आहे. खासगी घरालाही ती लागू आहे, केवळ हॉटेलांना नव्हे. ‘ओळखीचा आहे, दोनच रात्री राहिला’ ही सबब चालत नाही. याखेरीज खोल्या भाड्याने देणाऱ्यांनी गोवा पर्यटन व्यवसाय नोंदणी कायदा, १९८२ खाली नोंदणी करणे आवश्यक आहे.

या नियमाचा परिणाम सहलीवर कसा होतो ते पाहावे. वर्षभर मांद्र्याला राहणारे कुटुंब दोन दिवसांसाठी घाटावरच्या एखाद्या लहान गावी जाते. तेथील लॉजवाल्याने संकेतस्थळावर नोंदणी केलेली नसते, किंवा त्याला पद्धत ठाऊक नसते. तो घाबरून ‘परदेशी माणसांना खोली नाही’ असे सांगतो. रात्री नऊ वाजता, पावसात, लहान मुलांसह ते कुटुंब रस्त्यावर उभे राहते. असा प्रसंग आमच्या ऐकिवात एकदा नव्हे, अनेकदा आला आहे. लॉजवाला उद्धट नसतो, त्याला दंडाचे भय असते. यावर उपाय सोपा आहे. निघण्यापूर्वी फोन करून ‘परदेशी पाहुणे घेता काय, नोंद करता काय’ असे मराठीत वा कानडीत विचारावे. हे काम पाहुण्यापेक्षा त्याचा घरमालक अथवा चालक अधिक चांगले करू शकतो. पाहुण्याने स्वतःजवळ मूळ पारपत्र, व्हिसा, आणि ज्यांना निवासी नोंदणी लागू आहे त्यांनी त्या नोंदणीचा कागद बाळगावा. मोबाइलमधील छायाचित्रावर सर्वत्र भागत नाही.

वाहनाविषयीही तसेच. पांढऱ्या पाटीची खासगी दुचाकी वा मोटार भाड्याने देणे बेकायदेशीर आहे आणि अपघात झाल्यास विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. भाड्याचे परवानाधारक वाहन घेतले असेल, तरी ते राज्याबाहेर नेता येईल काय याची खात्री मालकाकडून लेखी करून घ्यावी. चालविणाऱ्याजवळ आंतरराष्ट्रीय परवाना अथवा भारतात ग्राह्य असा परवाना हवा. गोव्यात स्वस्त मिळणारी दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात वा कर्नाटकात नेता येत नाही. सीमेवरील अबकारी नाक्यावर पिशव्या तपासल्या जातात, आणि मित्रासाठी घेतलेल्या दोन बाटल्यांपायी सहल तेथेच संपते. डोंगरात भटकणारी काही परदेशी मंडळी उपग्रहाद्वारे संदेश पाठविणारी उपकरणे जवळ बाळगतात. त्यांच्या देशात ती सुरक्षिततेची साधने मानली जातात, परंतु भारतात परवानगीवाचून ती बाळगता येत नाहीत. अशा उपकरणावरून विमानतळावर परदेशी प्रवाशांवर कारवाई झाल्याची उदाहरणे अलीकडच्या वर्षांत घडली आहेत.

तातडीच्या प्रसंगी ११२ हा क्रमांक गोवा, महाराष्ट्र व कर्नाटक या तिन्ही राज्यांत चालतो, रुग्णवाहिकेसाठी १०८. घाटात अनेक ठिकाणी फोन लागत नाही. यास्तव पाहुणा कोठे गेला आहे, कोणत्या दिवशी परतणार आहे व कोणत्या लॉजवर उतरला आहे, हे एका कागदावर लिहून घरमालकाकडे ठेवलेले असावे. पाहुण्यास हे विचारताना संकोच वाटतो, असे काही घरमालक सांगतात. परंतु ‘शेजारी म्हणून विचारतो’ एवढे म्हटले की परदेशी माणूस स्वतः कागद व पेन्सिल घेऊन बसतो.